हरिश्चंद्राचा काथ्याचा टोप

मालवणात पहिली फटफटी कोणी आणली यावर भांडणं होतील. पण फटफटीवर बसूनही भांग मोडू न देणारा कोण, यावर एकच मत: हरिश्चंद्र. मुंबईच्या गोदीत मिस्त्रीकाम शिकून साठ-एकसष्ट साली तो परतला, तो लष्कराच्या लिलावातली जुनी फटफटी घेऊनच. होड्यांना तेव्हा नुकती इंजिनं बसू लागली होती. कुठे इंजिन रुसलं की हत्यारांची पिशवी अडकवून स्वारी निघायची. डोक्याला खोबरेल एवढं, की वाऱ्याचीसुद्धा केस हलवायची टाप नव्हती.

बायको आनंदी, आरोंद्याची. खाडीत कुजवलेली नारळाची सोडणं बडवून काथ्याच्या दोऱ्या वळण्यात तिचं लहानपण गेलेलं. फटफटी दारात आली तशी तिने विचारलं, "सोडणासकट नारळ माडावरसून पडलो तर फुटता?"

"नाय."

"आणि सोललेलो?"

हरिश्चंद्राला पुढचं कळलं, पण तोवर तिने दाभण काढलं होतं. काथ्याची दोरी चुंबळीसारखी वळत वळत तिने टोप घडवला. आत बडवलेल्या काथ्याची गादी, वरून जुन्या शिडाचं कापड, हनुवटीखाली नाडी.

पहिल्याच दिवशी चहावाल्या दाजीने भर बाजारात हाळी दिली, "अरे हरिश्चंद्रा, आज सोलूचो रवलंस रे!"

झालं. तेव्हापासून टोप पाणंदीच्या टोकापर्यंतच. तिथल्या काजूच्या बेचक्यात तो अडकवायचा, येताना पुन्हा घालायचा. सगळ्या मालवणाला ठाऊक, फक्त बायकोला नाही, अशी त्याची समजूत. पण टोपाला भोकं पडली आणि एका भोकातून कावळ्याचं पीस निघालं.

"काय हो," आनंदी म्हणाली, "फटफटीच्या मागसून उडान कावळे काथो ओढतत काय?"

हरिश्चंद्राने आकाशाकडे पाहिलं. मग हत्यारांची पिशवी उचलून तो फटफटीकडे वळला.

गणेश चवथीनंतर दोघं आरोंद्याला निघाली, तेव्हा आनंदी स्वतःच्या डोक्यावर दुसरा टोप चढवून बाहेर आली.

"ह्यो घालून तू बाजारातसून जातलंस? लोक हसतले गो!"

"हसांदेत. माझा डोक्या माका व्हया. तुमचा तुमका नको तर तसा सांगा."

हरिश्चंद्राने आपल्या टोपाची नाडी बांधली. बाजारात दाजी कपबशी घेऊनच बाहेर आला. "अगो आनंदी, एका माडाचे दोन नारळ खंय चलले?"

"आरोंद्याक! सोलूची हिंमत आसा तर येवा मागसून!"

कुडाळ मागे पडलं. पुढच्या उतारावर एक म्हैस शेताच्या बांधावरून रस्त्यात उतरली, सातबारा तिच्याच नावावर असल्यासारखी. हरिश्चंद्राने ब्रेक दाबला, लाल खडीवर चाक सरकलं. आनंदी भाताच्या चिखलात गेली. हरिश्चंद्र मात्र डोक्यावर, शेताच्या कुंपणाच्या जांभ्या गडग्यावर. आवाज असा झाला, की म्हशीनेही मान वळवली.

आनंदी चिखल तुडवत धावली. "ओ! आयकतास मा? बोला काय तरी!"

टोपाचं कापड फाटून काथ्याचा पुंजका बाहेर लोंबत होता. तिने बोटं आत घातली. रक्त नव्हतं. हाताचं हाड मोडलं होतं, डोकं शाबूत होतं. हरिश्चंद्राने डोळे उघडले.

"आनंदी," तो पुटपुटला, "भांग मोडलो गो."

ती रडता रडता हसली.

हात बरा झाल्यावर तिने फाटका टोप शिवायला घेतला. त्याने तो ओढून घेतला. "शिवू नको. लोकांका दिसांदे."

"आणि परत पडल्यात तर? नवो करतंय."

नवा झाला. जुना त्याने फटफटीच्या पुढे बांधला, होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, हार बांधतात तसा. नवा डोक्यावर, नाडी आवळून. काजूच्या झाडाखालून तो न थांबता गेला आणि गाडी थेट दाजीच्या दारात उभी केली. चहा खरं तर घरी पिऊन निघाला होता.

दाजीने फाटक्या टोपात बोट घातलं. ते पार मुळापर्यंत गेलं. त्याचं हसू मिशीतच विरलं.

"कोणी केलो रे ह्यो?"

"माझ्या बायलेन!" हरिश्चंद्र एवढ्या मोठ्याने म्हणाला, की मासळी विकणाऱ्या बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या.