गोडाचा तक्ता

बामाकोतल्या आमच्या सरकारी कार्यालयात देश काय खातो याचा हिशेब ठेवत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकेक खातं आलेलं. कुणाकडे बाजरी, कुणाकडे भात, माझ्याकडे दूध. न्यागाले देंबेलेकडे गोड होतं. साखर देशातल्या कारखान्यांत किती झाली, ट्रकांनी बाहेरून किती आली, शेजारच्या देशांत किती निघून गेली, मध किती निघाला, हे सगळं मांडायचं आणि उरेल त्याला देशातल्या माणसांनी भागायचं. मग वर्षाला माणशी किती, ते कळे. बावीस वर्षं ती हा तक्ता भरत होती. एखाददुसरं वर्ष सोडलं तर आकडा चढतच गेला होता.

तिच्या घरी मी जायची-यायची, तिला तांती, म्हणजे मावशी, म्हणायची. तिचा नवरा झुमाना कुलिबाली. दाकारच्या बंदरातून बामाकोला सिमेंट आणायचा. पन्नाशीच्या आत त्याला साखर झाली. आधी उजव्या पायाचा अंगठा गेला, मग घोट्यापासून पाऊल. ट्रक विकला आणि तो दारातल्या आंब्याखाली बसायला लागला. मित्र जमायचे, कोळशाच्या शेगडीवर निळी किटली चढायची, चहाच्या तीन फेऱ्या व्हायच्या.

एका वर्षी कागदावरचा आकडा एकदम खाली आला. आमच्या सांगारेसाहेबांनी तिला बोलावलं. मी तिथेच होते.

"न्यागाले, हे काय? लोकांनी चहा सोडला की काय?"

"कागदावर कमी आलीय, साहेब. मोठा कारखाना अर्धं वर्ष बंद होता."

"आणि रस्त्यावर?"

"रस्त्यावर आहे तेवढीच आहे. जकात चुकवून रानवाटेनं येत असणार."

"मग रस्त्यावर जाऊन मोज. हिला घेऊन जा बरोबर."

तीन आठवडे आम्ही दोघी तराजू घेऊन बामाकोभर हिंडलो. जिथे चहाचा अड्डा दिसेल तिथे थांबायचं, किटलीत पडायच्या आधी साखर तोलायची, माणसं मोजायची. शेवटच्या दिवशी तिची स्वतःचीच गल्ली आली.

"आली बघा सरकारची तराजू!" बाकोरोबा केइता ओरडला. झुमानाचा लहानपणापासूनचा मित्र, चहा करायचं काम त्याचंच. केइता आणि कुलिबाली या कुळांत पिढीजात थट्टेचं नातं; भेटले की एकमेकांना चवळीखाऊ म्हणून सालं काढायचीच. "वहिनी, आधी याचं वजन कर. पाऊल एक, पण चवळी दोघांची खातो!"

"तुमच्या घरी चवळी शिजत नाही म्हणून इथे वास घ्यायला येतोस," झुमाना म्हणाला.

न्यागालेनं साखरेचा पेला तराजूत ओतला. एकशे वीस ग्रॅम भरली.

"माणसं किती?"

"चार," बाकोरोबा घाईनं म्हणाला. "तुझा नवरा नुसता बसतो. त्याला आम्ही देत नाही."

झुमानाच्या हातातल्या पेल्याला अजून फेस होता. त्यानं तो गुडघ्याआड घेतला. न्यागालेनं एकदा तिकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं, पाच.

परतताना मला राहवलं नाही. "तांती, तू काहीच कशी बोलली नाहीस?"

"चौदा वर्षं बोलले," ती म्हणाली. "ती तराजू नीट धर, काटा वाकेल."

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात झुमानाच्या डाव्या पायाला जखम झाली, ताप चढला, आणि पाचव्या दिवशी दुपारी तो गेला. सूर्य मावळायच्या आत माती दिली. चटईत गुंडाळलेला तो अंगणातून निघाला तेव्हा बाकोरोबानं वाट अडवली. "ऊठ रे चवळीखाऊ! काम टाळायला मेल्याचं सोंग घेतोस? तुझी सोंगं मला ठाऊक नाहीत होय!" थट्टेच्या नात्यात रीतच आहे ती, लोक हसले. बोलता बोलता बाकोरोबाचाच आवाज फुटला आणि त्याला धरून बाजूला न्यावं लागलं. न्यागाले आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसली होती. ती हसली नाही, रडलीही नाही.

रमजानात आमच्याकडे नातलगांना साखरच द्यायची असते. लोकांनी ती आधीच घेऊन ठेवलेली. भेटायला येताना तीच हातात घेऊन आले. जावई, भाचे, पुतणे, झुमानाच्या ओळखीचे ड्रायव्हर. निळ्या पुड्यांची कोपऱ्यात कमरेएवढी रास झाली. येणारी बाई तिकडे बघायची आणि नजर वळवायची.

"किती झाली?" न्यागालेनं विचारलं.

मी मोजली. "एक्केचाळीस किलो."

"वाटून टाक."

"थोडी ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या लापशीला लागेल."

"ठेव," ती म्हणाली. 'नको' म्हणाली असती तरी त्याच आवाजात म्हणाली असती.

चाळिसाव्या दिवशी बाकोरोबा तिच्यासमोर येऊन बसला. "वहिनी, मी त्या दिवशी खोटं बोललो. रोज तीन पेले द्यायचो त्याला. मागायचा."

"माहीत होतं."

"मग शिव्या दे ना मला!"

तिनं शिव्या आठवून पाहिल्या. "येत नाहीत," म्हणाली. "जेवून जा."

विधवेचे चार महिने दहा दिवस पाळून ती कामावर परतली. तिची खुर्ची, तिचा पंखा, सगळं जागच्या जागी होतं. रस्त्यावरची मोजणी मिळवली तेव्हा खाली आलेला आकडा उलट मागच्या वर्षापेक्षा वर गेला. त्यावर मोठी सभा भरली. तिनं उभं राहून सगळं नीट सांगितलं. कुठून आली, कशी आली, अंदाज कसा काढला.

"छान," मंत्रालयातला एक तरुण अधिकारी म्हणाला. "साखर वाढली म्हणजे लोकांची परिस्थिती सुधारली, असं लिहू या ना?"

"साखर वाढली म्हणजे साखर वाढली," ती म्हणाली आणि खाली बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगारेसाहेबांकडे कांद्याचं खातं मागितलं. ते बघणारा माणूस निवृत्त झाला होता.

"बावीस वर्षांनी? कुणाचा राग आलाय का, न्यागाले?"

"राग आला असता तर इथेच राहिले असते, साहेब. तक्ता भरताना मला काहीच होत नाही. भागाकार चुकला तरी कळणार नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सही केली. गोड माझ्याकडे आलं.

पहिल्या पाहणीला ती मला शहराबाहेर बागिनेदाच्या कांद्याच्या मळ्यांत सोबत घेऊन गेली. दिवसभर वाफ्यावाफ्यातून हिंडलो. एका म्हातारीनं तिला पातीची जुडी दिली आणि विचारलं, "नवरा काय करतो गं?"

"वारला."

"माझाही," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा खुरपायला वाकली. न्यागाले तिच्या शेजारी बांधावर बसली. गाडी निघायची वेळ होऊन गेली तरी बसून राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न द्यायला हात नेला, मी त्याला थांबवलं.

येताना ती गाडीत झोपली, तोंड उघडं टाकून. नवरा गेल्यापासून रात्रीची झोप नाही, असं तिची मुलगी म्हणायची. शहर आलं, तिची गल्ली आली. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सरळ चल म्हणून खूण केली, आणि आम्ही पुलापर्यंत जाऊन आलो.