आधी परवाना दाखवा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या मोठ्या बहिणीचे आहेत. आम्ही तिला बाई म्हणतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला, आणि त्या कागदावर नाव माझं असलं तरी निम्मा कागद बाईचा आहे. दहावीला तिला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. त्याच वर्षी बाबांची कंबर धरली. घरात कोणीतरी एकाने थांबायला हवं होतं. कोणी विचारायच्या आतच तिने सांगून टाकलं, "त्याले शिकू द्या. ढोरं अन् वावर माह्याकडे."

कामठ्याजवळच्या आमच्या गावातून कॉलेजच्या प्रवेशासाठी मला गोंदियाला तीच घेऊन गेली. खिडकीतल्या माणसाने एक दाखला कमी आहे म्हणून कागद परत सरकवले आणि उद्या या म्हणाला. मी निमूट निघालो. बाई जागची हलली नाही. "उद्या काऊन? कोणता दाखला पायजे ते लिहून द्या. उद्या तुम्ही दुसराच सांगान." मागच्या रांगेतली पोरं हसली. त्या माणसाने चिठ्ठी लिहून दिली. पुढची तीन वर्षं मी शहरालगतच्या मुर्रीत खोली करून राहिलो आणि बाईने त्या तीन वर्षांत एकदाही मला धान कापायला बोलावलं नाही. मग तिचं लग्न तिरोड्याकडे झालं.

पदवी घेतल्यावर मी गोंदियातल्या एका बंदुकीच्या दुकानात कारकून म्हणून लागलो. गावात हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "खरी रायते का?" खरी असते. रजिस्टर ठेवणं, माल पुसणं आणि सकाळी दुकान उघडल्यावर प्रत्येक बंदूक मधून वाकवून उघडून नळी रिकामी आहे ना ते पाहणं, ही माझी कामं. काचेच्या कपाटाची चावीही माझ्याकडे असते.

खरं गिऱ्हाईक मला दारातच ओळखू येतं. धानात रानडुकरं शिरतात म्हणून पीक संरक्षणाचा परवाना काढलेला शेतकरी असतो, नाहीतर बँकेच्या दारात उभा राहणारा माजी सैनिक. असा माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीतून परवाना काढतो, काउंटरवर ठेवतो आणि मग बोलायला लागतो. त्याला मागावा लागत नाही. बंदूक हातात आली की तो ती आधी उघडतो, नळीतून उजेड पाहतो आणि तिचं तोंड जमिनीकडे ठेवतो. बोट चापापासून लांब.

बाकीचे सगळे बघे. दुकानात येणाऱ्या पाच माणसांत चार हेच. बाहेर मोटरसायकलचा आवाज उगाच दोनदा वाढवून मग आत येतात. कधी पुढाऱ्याच्या मागे फिरणारे असतात, कधी नवरदेवाचे मित्र, तर कधी राईस मिलवाल्याचा भाचा. "लेना नहीं है, बस देखना है." बंदूक हातात पडली की पोट आत जातं आणि छाती बाहेर येते. एक डोळा मिटतात, तोही बहुतेक चुकीचा. बोट सगळ्यात आधी चापावर. नळी कोणाच्या छातीवर रोखली गेली आहे याची त्यांना फिकीर नसते, कारण समोरच्या काचेत आपण कसे दिसतो हे पाहण्यात ते गुंतलेले असतात. परवाना मागितला तर यांचाच अपमान होतो. ज्याच्याजवळ कागद आहे त्याला दाखवायची लाज वाटत नाही आणि ज्याच्याजवळ नाही त्यालाच इभ्रत आठवते, हे मी रोज पाहतो. मला या माणसांची कीव येत नाही. किळस येते.

आमचे शेठ त्यांच्याच बाजूचे. ते हिंदीतच बोलतात. मी एकदा म्हणालो, हातात देण्याआधी परवाना पाहू या.

"अरे भाई, साडी की दुकान में कोई पैसा दिखा के साडी देखता है क्या?"

"साडीनं माणूस मरत नाही, शेठ."

"तू ना, बहुत पढ गया है."

विकताना मात्र हेच शेठ परवान्याचा कानाकोपरा तपासतात, शिक्का उजेडात धरून पाहतात. तिथे तुरुंगाची भीती आहे. नुसती हातात देताना कोणी विचारणारं नाही, म्हणून तिथे त्यांना अक्कलही लागत नाही.

दिवाळीच्या आधी एका दुपारी भाटवा, म्हणजे बाईचा नवरा, दुकानात आला. सोबत दोन दोस्त. बाई खरेदीची पिशवी घेऊन दारातच थांबली. भाटव्याविषयी एवढंच सांगतो की तो तिरोड्यात एका ठेकेदाराच्या मागेपुढे करतो आणि स्वतःच्या वाढदिवसाचा फ्लेक्स स्वतःच छापून घेतो. खाली 'शुभेच्छुक' म्हणून ज्यांची तोंडं असतात ती त्यानेच जमवलेली असतात.

"काय साळेबुवा! ते दुनळी काढ ना बे जराशी."

"परवाना आहे का, भाऊजी?"

त्याने दोस्तांकडे पाहिलं. "आयकलं का? साळा जवायाले परवाना मांगून रायला!"

"सगळ्यायलेच मांगतो."

"मी का इकत घ्याले आलो? फ्लेक्सवर टाकाले एक फोटो पायजे."

"फोटोसाठी देत नाही आम्ही."

"तुह्या बापानं मांडवात माहे पाय धुतले होते बे. अन् तू मले कागद मांगतं?"

दारातून बाई म्हणाली, "राहू द्या ना जी. चाला, गाडी जाईन."

"तू चूप राय."

आवाज ऐकून शेठ आतल्या खोलीतून आले. जावई आहे हे कळल्यावर तर ते माझ्यावरच उखडले. "जमाई है, तो पहले बोलना था ना! चावी ला." त्यांनी हात पुढे केला. मी चावी दिली. शेठनी स्वतः कपाट उघडलं, दुनळी काढली, फडक्याने पुसली आणि दोन्ही हातांवर आडवी धरून भाटव्याला दिली.

फोटो सुरू झाले. उभा, बसलेला, खांद्यावर बंदूक, गॉगल लावून, गॉगल काढून. मग एक दोस्त म्हणाला, "भाऊ, कोणावर तरी धर ना. मज्जा येईन."

भाटव्याने नळी माझ्यावर धरली. "हात वर कर, साळ्या."

मी केले नाहीत. तेव्हा तो हसत दाराकडे वळला आणि नळी बाईवर रोखली. "हे पाय! आता बोल. जातं का मायेरी मंडईले?"

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी त्यासाठी माहेरी येतात. बाई यंदा आठ दिवस राहायचं म्हणत होती, एवढाच त्यांच्यातला वाद.

बाईने पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि डोळे मिटले. भाटव्याने चाप ओढला. टक्क वाजलं.

दोस्त खिदळले. ती बंदूक सकाळी मीच उघडून पाहिली होती, दोन्ही नळ्या रिकाम्या होत्या. हे मला माहीत होतं. बाईला माहीत नव्हतं. आणि भाटव्यालाही माहीत नव्हतं. त्याने उघडून पाहिलं नव्हतं, कोणाला विचारलं नव्हतं. रिकामी असेल असं गृहीत धरून त्याने माझ्या बहिणीवर चाप ओढला होता.

काउंटर ओलांडून मी कधी गेलो ते आठवत नाही. नळी वर ढकलली, बंदूक हिसकावली आणि म्हणालो, "निघा इथून."

"खाली थी भाई, खाली थी!" शेठ.

"रिकामी होती ना बे! मजाक बी समजत नाई का?" भाटवा.

फ्लेक्स लागला. तिरोड्याच्या चौकात मी तो पाहिला. 'भाऊ' दुनळी घेऊन नेम धरत होते, डोळा चुकीचा मिटला होता.

त्यानंतर चार दिवसांनी भाटव्याचा बाबांना फोन आला. चार लोकांसमोर, त्याच्या दारात येऊन मी माफी मागायची. तोवर बाई मंडईला येणार नाही, आणि पुढेही तिला माहेर नाही. बाईचा स्वतःचा फोन आता त्याच्या खिशात असतो. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. बाबा म्हणतात, "माग ना बाबू माफी. जवाई हाय. दोन शब्द बोलाले तुह्यं का जाते?" आई ताट वाढते आणि उठून जाते. पारावर मी दिसलो की कोणीतरी हमखास विचारतं, "पण रिकामी होती ना?" ज्यांनी उभ्या जन्मात बंदुकीची नळी आतून पाहिली नाही ते मला रिकामी आणि भरलेली यातला फरक समजावतात. त्यांच्यापैकी कोणी असं विचारलं नाही की दारात उभी होती तिचं काय झालं.

दुकानात मी मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली: 'आधी परवाना दाखवा. परवान्याशिवाय शस्त्र हातात मिळणार नाही.' काचेवर चिकटवली. शेठनी संध्याकाळी काढली. सकाळी मी दुसरी लावली. चौथ्या पाटीला ते कंटाळले. आता ती आहे. कोणी मोठा माणूस गाडीतून उतरताना दिसला की शेठ लगबगीने जाऊन तिच्यासमोर उभे राहतात, पाठ पाटीला लावून.

बाई तिच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. फोन करता येत नाही म्हणून मी तिथल्या पत्त्यावर तिला पत्र टाकलं. ते असं:

बाई,

हे वाचून झालं की चुलीत टाक, घरी ठेवू नको.

मी माफी मागणार नाही असं सगळ्यांना सांगून बसलो आहे. तुला खरं सांगतो, आठ दिवसांत दोनदा मी तिरोड्याचं तिकीट काढलं आणि दोन्ही वेळा गोंदियाच्या फलाटावरून परत फिरलो. तू यायला हवीस म्हणून निघत होतो. पण 'चुकलो' म्हणायचं तर काय चुकलो? बंदूक हिसकावली ते? तशी वेळ पुन्हा आली तर पुन्हा हिसकावीन.

चूक माझी झाली ती दुसरीच, आणि तिची माफी तुझ्याकडे मागतो. शेठनी चावी मागितली तेव्हा मी नाही म्हणू शकत होतो. नोकरी जाईल असं वाटलं. घरचा जावई आहे, लोक काय म्हणतील असंही वाटलं. म्हणून दिली. परक्या माणसाला परवाना मागणारा मी, आपल्या माणसापुढे गप्प राहिलो. ते तुझ्यावर आलं.

तू डोळे मिटलेस तेव्हा तुला काय वाटलं, हे मला कोणाकडून कळणार नाही. सांगावंसं वाटलं तर भेटल्यावर सांग. नाही वाटलं तरी चालेल.

मंडईच्या आदल्या दिवशी मी सकाळच्या गाडीने येतो आहे. तुला घ्यायला. भाऊजींशी मी भांडणार नाही आणि वाकणारही नाही, दारात उभा राहीन. निघायचं की नाही ते तू ठरव. मी आल्याने तुझा त्रास वाढेल असं वाटत असेल, तर अंगणवाडीतल्या ताईंच्या फोनवरून मला एक मिसकॉल दे. मी येणार नाही, मनात काही धरणार नाही, आणि दुसरा रस्ता शोधू. मिसकॉल आला नाही तर मी निघालो असं समज.

आईने अनारशांचे तांदूळ भिजत घातले आहेत. कोणासाठी ते ती सांगत नाही.

तुझा भाऊ