जमिनीला पाय न लावता देवदर्शन

कुत्र्याचं पिल्लू आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये आलं तेव्हा दीड महिन्याचं होतं. पहिल्याच संध्याकाळी बिल्डिंगमधून त्याच्या तब्येतीचे जाणकार गोळा झाले. वरच्या मजल्यावरचे गुरुजी म्हणाले, दुधात हळद द्या. खालच्या काकूंना दूध हे विष वाटत होतं. त्यांचा भर ताकावर. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच बजावलं, की तिन्ही इंजेक्शनं होईपर्यंत याला बाहेर नेऊ नका, बाहेरच्या जमिनीला पायसुद्धा लागू देऊ नका.

दोन इंजेक्शनं झाली आणि खर्ड्याकडच्या गावाहून माझे सासरे आले. पिशवीही खाली न ठेवता त्यांनी चौकशी केली, की खंडोबाचं जनावर घरात आणलं आणि अजून देवाला कसं दाखवलं नाही? मी तिसऱ्या इंजेक्शनाचं सांगितलं. त्यांना माझी दया आली.

"जावईबापू, आमच्या वस्तीवर शंभर कुत्री वाढली. एकालाबी सुई न्हाई टोचली."

शंभर म्हटल्यावर माझं विज्ञान गारठलं. त्यात बायको माझ्याकडे बघत होती. शेवटी मीच तोड काढली: दर्शन घ्यायचं, पण जमिनीला पाय लावायचा नाही. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो, की त्यांच्या गावच्या देवळापर्यंत गाडीही मीच चालवली.

नियम आम्ही अगदी सोवळ्यासारखा पाळला. सासऱ्यांनी पिल्लू उपरण्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. त्याचा एक पाय लोंबला तरी मी ओरडत होतो. गावातल्या झाडून सगळ्यांनी त्याला हाताळलं. भंडाऱ्यानं ते पिवळंधमक झालं. मग देवाचीच लेकरं म्हणून सासऱ्यांनी खाली वाकून देवळातल्या कुत्र्यांशी त्याची ओळख करून दिली. कुत्र्यांनी त्याचं तोंड मनापासून चाटलं. पाय मात्र जमिनीला लागला नाही.

पाचव्या दिवशी पिल्लानं भाकरीकडे पाठ फिरवली. दुपारपर्यंत उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि पार्व्हो आहे म्हणाल्या, कुत्र्याकडून कुत्र्याला लागणारा पोटाचा आजार. त्याच्या करंगळीएवढ्या पायात सलाइनची सुई गेली तेव्हा ते कण्हलंही नाही. जगेल का, असं बायकोनं विचारलं. तीन दिवस काढले तर, एवढंच त्या बोलल्या.

बातमी कळताच सासरे दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आले. दवाखान्यात त्यांनी पुन्हा शंभर कुत्र्यांची कथा लावली, पण आवाजात जोर नव्हता. डॉक्टरीणबाई सलाइनचा वेग बघत होत्या. त्यांनी वळूनही न बघता विचारलं, "शंभर वाढली, आजोबा. मेली किती?"

सासरे बाकावर बसले. मग बोटं मुडपायला लागले. काळं एक. ठिपक्याचं, त्याच्या पाठची दोन. पांढऱ्या कुत्रीचं सगळं वेत एका आठवड्यात. दोन्ही हातांची बोटं संपली तशी त्यांनी मुठी मांडीवर ठेवल्या.

"असंच व्हायचं त्यांला. आमी म्हनायचो, नजर लागली."

गाडी मीच चालवली होती.

चौथ्या दिवशी पिल्लानं मऊ भात चाटला आणि सासऱ्यांच्या धोतराला दात लावले. श्रेय कुणाला द्यायचं यावर घरात अजून एकमत नाही. सासरे देवाचं नाव घेतात, पण राहिलेल्या इंजेक्शनाच्या दिवशी ते मुद्दाम आले. इंजेक्शनाच्या कार्डाला त्यांनी भंडारा लावला आणि ते बंडीच्या खिशात घालून रांगेत पहिले बसले. शेजारी एक तरुण जोडपं इवलंसं पिल्लू घेऊन होतं. रविवारी याला कुलदैवताला न्यायचंय, असं त्यातली मुलगी कौतुकानं सांगत होती.

सासऱ्यांनी खिशातलं पिवळं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं.

"देव कुठं पळून चाललाय का, पोरी? तुजं कार्ड दाखव आदी."