नवसाच्या वाटेवरचं हॉटेल

ऐन सकाळी दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला आणि मला कळलं. गिऱ्हाइकीच्या वेळेला आमचं शटर कधी खाली येत नाही. वर्ध्याच्या दवाखान्यातून फोन आला होता. माझी थोरली जाऊ, सुमनबाई, गेली. तव्यावरची पोळी जळाली तरी मी तिथंच उभी होते. थोड्या वेळानं माझे भासरे, म्हणजे बाईंचे यजमान, मधल्या खोलीच्या उंबऱ्याशी आले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "देवघरातला तांब्याचा गडू काढून ठेवा म्हणा. तिले आणलं का त्यातलं तीर्थ तोंडात घाला लागते." मी तिथंच उभी होते, पण भासऱ्यानं धाकट्या भावाच्या बायकोशी सरळ बोलायची आमच्या घरात रीत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून ते माझ्याशी जे बोलले ते माझ्या नवऱ्याच्या नाहीतर भिंतीच्या तोंडानं. मी गडू काढला. तो गडू बाई आणि मी मिळूनच त्र्यंबकेश्वराहून आणला होता. तो कसा आला आणि त्याच्याबरोबर आणखी काय आलं, हे आता आमच्या घरात मला एकटीलाच माहीत आहे.

आमचं नाचणगावचं घर दुकानाच्या मागं आहे. पुढं किराण्याचं दुकान, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, मग आंगण आणि उंच भिंत. मागं दार नाही. बाहेर जायचं तर दुकानातून, भासऱ्यांच्या गादीसमोरून. आम्हा दोघींच्या चपलासुद्धा दुकानातल्या बाकाखाली. चपलेत पाय घातला की प्रश्न यायचा, "कुठं?" त्यात राग नसायचा. भासरे वाईट माणूस नाहीत. पण त्या प्रश्नाला दळण, दवाखाना आणि देव एवढीच उत्तरं चालायची. आणि शटर खाली आलं की दुकानाबरोबर आम्हीही बंद. मी हिंगणीच्या शेतकऱ्याच्या घरची, रानात मोकळी हिंडलेली. पहिल्या वर्षी मला वाटायचं, कोणीतरी मला धान्यासारखं पोत्यात भरून तोंड शिवून ठेवलं आहे. मी बोलत नसे. बाईंनी ते ओळखलं. एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अवं कुसुम, रडून दार उघडत नाई. नवस बोला लागते."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. व्यापाऱ्याचं घर कशालाही नाही म्हणेल, पण बोललेल्या नवसाला नाही म्हणत नाही. नवस राहिला तर धंद्याला बट्टा लागतो, असं सासूबाईंचं पक्कं मत. म्हणून बाई नवस बोलायच्या. वर्षाचा ताप उतरू दे, तुरीचा भाव सुधरू दे, नणंदेला मुलगा होऊ दे. वर्षा म्हणजे त्यांची एकुलती लेक. आणि प्रत्येक देवाच्या वाटेवर एक हॉटेल असायचं. केळझरच्या गणपतीला गेलो की येताना वर्ध्याला मसाला डोसा. रामटेकला गेलो की नागपूरला उतरून मोठ्या हॉटेलात, जिथं पाणी ओतायला वेगळा माणूस असतो. पण आधी दर्शन, मग हॉटेल. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. "देवाले फसवाचं नाई," म्हणायच्या, "देव काई गादीवर बसून राह्यला नाई, कुठं चालली म्हणून विचाराले."

बाईंचं हॉटेलात बसणं पाहण्यासारखं असायचं. खिडकीजवळची जागा घ्यायच्या. पदर नीट करायच्या, मेनू कार्ड पोथीसारखं दोन्ही हातांत धरायच्या आणि वरपासून खालपर्यंत वाचायच्या, मला मराठीत सांगत सांगत. ऑर्डर घ्यायला आलेला पोरगा घाई करायला लागला की म्हणायच्या, "थांब ना बाप्पा, घरी रोज मीच विचारतो, काय करू म्हणून. आज मले विचारून राह्यले, तर विचारू दे." मग आलेला पदार्थ डोळे मिटून खायच्या. खाऊन झाल्यावर त्यात काय काय होतं ते सांगायच्या, पण घरी येऊन ते कधी करायच्या नाहीत. मी एकदा म्हटलं, बाई, ती पनीरची भाजी आपण करू. त्या म्हणाल्या, "नाई वं. घरी केली का ती सैपाक होते."

वर्षाचं लग्न होऊन ती नाशिकला गेली. लेकीच्या घरी जाऊन राहायचं, तिचं अन्न खायचं, हे आमच्यात चालत नाही. म्हणून बाईंनी त्र्यंबकेश्वराचा नवस बोलला आणि सोबतीला मला घेतलं. पुलगावला गाडीत बसलो तेव्हा त्यांनी डब्याच्या दोन्ही दारांत जाऊन बाहेर डोकावून पाहिलं. त्र्यंबकला दर्शन झालं, कुंडाजवळ गडूत तीर्थ भरून त्याचं तोंड कथलाचा डाख लावून बंद करून घेतलं. असा बंद गडू घरात ठेवतात, शेवटच्या वेळेसाठी. मग आम्हाला भेटायला तिथं आलेली वर्षा म्हणाली, "आई, आता दोन रात्री माह्या पसंतीच्या." आणि ती आम्हाला गाडीनं द्राक्षांच्या मळ्यातल्या एका हॉटेलात घेऊन गेली. तिथं वाइन करतात.

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. दारू म्हटलं की मला हिंगणीच्या नाल्याकाठची भट्टी आठवायची आणि बायकांचं रडणं. मी तर दारातच उभी राहिले. पण तिथं ओरडणारं कोणी नव्हतं. लांब काचेची भिंत, तिच्यापलीकडे द्राक्षांच्या रांगा उतरत गेलेल्या आणि खाली धरणाचं पाणी. आमच्या हिंगणीजवळच्या बोरधरणाला असतं तसंच पाणी, पण इथं त्याच्याकडे तोंड करून खुर्च्या मांडलेल्या. एका माणसानं उंच दांड्याच्या पेल्यात थोडी पांढरी वाइन ओतली आणि म्हणाला, आधी वास घ्या. बाईंनी नाक पेल्यात घातलं. बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाल्या, "पेरू हाये. हिरवा, कच्चा पेरू." तो माणूस खूश झाला. मीही एक घोट घेतला. आंबट, थंड... आणि मग जिभेच्या मागं कुठंतरी लहानपणची रानबोरं. मला रडू आलं का हसू, ते आठवत नाही. वर्षा म्हणाली, "काकू, चढली का काय?" बाई म्हणाल्या, "तिले बोर आठवलं आसन. बसू दे."

पण बाईंना सगळ्यात आवडली ती वाइन नाही. खोली. आमच्या खोलीचं दार एका पातळ कार्डानं उघडायचं. कार्ड दाराला लावलं की हिरवा दिवा लागायचा. बाई बाहेर गेल्या, दार लावलं, कार्ड लावून आत आल्या. पुन्हा बाहेर गेल्या. पुन्हा आत. मी पलंगावर बसून पाहत होते. पांढरी चादर, उशा इतक्या की ठेवायच्या कुठं कळेना. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अवं कुसुम, पाह्य तर! बाहेर जाऊन राह्यली, अंदर येऊन राह्यली, कोनी विचारतच नाई!" असं त्यांनी त्या दोन दिवसांत किती वेळा केलं असेल... एकदा मलाही करायला लावलं. मी बाहेर गेले आणि लांब व्हरांड्यात एकटीच उभी राहिले. कुठं जायचं ते सुचेना. तरी पाच-सहा पावलं चालून आले.

घोटाळा निघताना झाला. बाईंना वाटलं, थोडी पांढरी वाइन घरी न्यावी, एखाद्या दुपारी शटर पडलं की दोघींनी घोट घोट घ्यावी. बाटली नेणं शक्यच नव्हतं. त्यांनी कुंडाजवळच्या दुकानातली प्लास्टिकची कॅन घेतली होती, लोक तीर्थ आणतात तशी. तिच्यात वाइन भरली. म्हणाल्या, "बंद गडू सासूबाई देव्हाऱ्यात ठेवतीन. कॅनकडं कोनाचं ध्यान जाते?" घरी आलो, सासूबाईंनी गडू घेतला आणि कॅनकडे बोट दाखवलं, "यात काय हाये वं?" भासरे गादीवरून पाहत होते. बाई घाबरल्या आणि म्हणून गेल्या, "तीर्थच हाये."

झालं. तीर्थ घरात आलं की ते देव्हाऱ्याबाहेर राहत नाही. आणि यात्रेहून आलं की मावंदं आलंच; शेजारपाजार जेवायला बोलवायचा आणि गंगापूजन करून ते तीर्थ सगळ्यांच्या हातावर घालायचं. गडूचं तोंड तर फोडायचं नव्हतं. म्हणजे कॅनच उघडणार. बाईंनी पुष्कळ युक्त्या केल्या, पण सासूबाई देव्हाऱ्यासमोरून हलेनात. मावंद्यापर्यंत त्यांची तिथं पोथी लागली होती. आम्ही दोघी स्वयंपाकघरात पुरणाच्या पोळ्या लाटत होतो आणि एकमेकींकडे पाहत नव्हतो. खरं सांगावं तर देव्हाऱ्यात दारू ठेवली असं होणार. न सांगावं तर गावाच्या हातावर पडणार. उन्हाळ्याचे दिवस, कॅन गरम होऊन फुगलेली. सासूबाईंनी झाकण उघडलं. वास आला. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "आंबलं वं माय तीर्थ. देवानं नवस घेतला नाई."

वाइन तुळशीच्या मुळाशी गेली. कोणाला काही कळलं नाही, आणि तेच वाईट झालं. भासऱ्यांनी त्या दिवशी ठरवून टाकलं, ज्या घरचं तीर्थ नासतं त्या घरच्या बायांनी यात्रेला जाऊ नये. बाई ज्या किल्लीनं दार उघडत होत्या तीच कुलपात मोडली. सासूबाई वारल्या, तरी तो नियम राहिला. वर्षा फोन करायची, आई, ये ना. भासरे म्हणायचे, "एकदा देवानं परतवलं ना." आम्ही दोघी म्हाताऱ्या होत गेलो. केळझरसुद्धा बंद झालं. शटर पडलं की बाई मला विचारायच्या, "आज काय खाशीन?" मग आम्ही बसल्या जागी हॉटेलात जायचो. त्या मनातलं कार्ड वाचायच्या, मी मागवायचे. खिडकीजवळची जागा दरवेळी मलाच द्यायच्या.

पोटातली गाठ निघाली तेव्हा उशीर झाला होता. दवाखान्यात नेण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी भासऱ्यांना आणि माझ्या नवऱ्याला खाटेजवळ बोलावलं. चेहरा अगदी देवळातल्यासारखा. म्हणाल्या, "तीर्थ नासलं म्हणजे माहा त्र्यंबकचा नवस तसाच राह्यला. तो घेऊन मी मरू का? माह्या मागं कुसुमनं फेडावा. तिथं दोन रात्री राहा लागते. वर्षा नेईन." भासरे रडले. हो म्हणाले. ज्या नवसानं आम्हाला कोंडलं होतं, तोच बाईंनी असा फिरवला. मग आम्ही दोघीच राहिलो. त्यांनी उशीखालून त्या हॉटेलातल्या खोलीचं पातळ कार्ड काढलं. निघायच्या गडबडीत परत द्यायचं राहून गेलं होतं. "हे देऊन येजो," म्हणाल्या, "दुसऱ्याचं सामान हाये." मी म्हटलं, बाई, मले एकटीले नाई जमणार, मले बोलता येत नाई. त्या म्हणाल्या, "पेला नाकाले लावजो. बोला लागत नाई. आन् येताना कॅन आणू नको, येडे."

तेरवी झाली, महिना होऊन गेला. वर्षा दर आठवड्याला विचारते. मी आज-उद्या करत होते. खरं तर मी नाही म्हटलं असतं तर कोणी आग्रह केला नसता. गुडघे दुखतात म्हटलं की झालं. इतकी वर्षं कोंडलेल्या माणसाला दार उघडं दिसलं की थंडी वाजते... परवा भासरे मधल्या खोलीत आले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "भटजीले विचारलं. तिचे गुडघे दुखत आसन तर इथंच गणपतीपुढं नारळ फोडून नवस फिटते म्हणते. कायले उगाच तरास?" माझ्या नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी मान हलवीन. माझ्या हातात कणिक होती. मी ऐकलं तो आवाज माझाच होता का, कोण जाणे. मी भासऱ्यांकडे पाहून म्हटलं, "नाई. नवस तिथचाच हाये."

भासरे भिंतीकडे पाहत राहिले. मग नवऱ्याला नाही, भिंतीलाही नाही, खाली मान घालून म्हणाले, "मंग स्वेटर घेजो. तिकडं थंडी राह्यते."

उद्या संध्याकाळची गाडी आहे. आज सकाळी दुकान झाडताना बाकाखाली पाहिलं. बाईंच्या चपला अजून माझ्या चपलांशेजारी आहेत, कोणी हलवलेल्या नाहीत. मी त्या पुसून पुन्हा तिथंच ठेवल्या. दुपारी शटर पडलं, घर नेहमीसारखं अंधारलं. मी पिशवीतलं कार्ड काढलं आणि मधल्या खोलीच्या दारातून बाहेर गेले. मग आत आले. पुन्हा बाहेर गेले. आमच्या दाराला हिरवा दिवा नाही. खाटेवर बसून पाहणारंही कोणी नव्हतं. तरी मी आणखी एकदा बाहेर जाऊन आले.