काकांची गुंडाळी, मावशीची गुंडाळी

जळक्या पंख्यांत जीव घालण्याच्या धंद्यात मावशीची हयात गेली, पण तिचं नवल काही सरलं नाही. लोखंडावर तांब्याची तार गुंडाळायची, वीज सोडायची, की पातं फिरतं. "यात वारा कुठे होता, सांगा बघू?" असं ती गिऱ्हाइकालाच विचारायची. गिऱ्हाईक घाईत असायचं. ते हसून पंखा उचलायचं आणि चालू लागायचं.

खरे कारागीर काका, म्हणजे मावशीचा नवरा. लग्न होऊन आली तेव्हा तिला या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुकानात डबा घेऊन यायची आणि काकांचं जेवण होईपर्यंत टेबलावरच्या उघड्या मोटरी न्याहाळत बसायची. न्याहाळता न्याहाळता मोटर खोलायला शिकली, जळकी तार उपसायला शिकली. गुंडाळायच्या यंत्राला मात्र काका कुणाला हात लावू देत नसत. "ते माझं," म्हणायचे, की विषय संपला.

मग एका सकाळी काकांची डावी बाजू लुळी पडली. जीभ शाबूत राहिली, हात गेला, आणि तोही डावा, ज्या हातानं ते सगळं करत तो. मावशी त्यांच्या स्टुलावर बसली. काका मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या खुर्चीत. दुकानातला शब्द न् शब्द त्यांना ऐकू यायचा, पण मावशीच्या कामाला त्यांनी कधी बरं म्हटलं नाही की वाईट. एरवी भाजीच्या मिठावरून बोलणारा माणूस हा. त्या गप्प बसण्याचा मावशीला राग यायचा.

तिची भाची विजेची गिटार वाजवायची. या गिटारीत तारांखाली दोन चपट्या डब्या असतात, त्यांना पिकअप म्हणतात. आत लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तारेची गुंडाळी. वरची तार थरथरली की डबी ते टिपते आणि स्पीकरकडे धाडते. यातली एक डबी काकांनी हात चालता होता तेव्हा गुंडाळून दिली होती. आता दुसरी मुकी झाली, म्हणून भाची गिटार आणि स्पीकर घेऊन दुकानात आली. इतकी बारीक तार मावशीनं जन्मात गुंडाळली नव्हती. ती काकांना विचारायला गेली नाही. तार तुटली की एक शिवी हासडायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, असं करत तिनं ती डबी पुरी केली.

भाचीनं आधी एकटी काकांची डबी चालू केली. आवाज भरीव, गोड. मग एकटी मावशीची. तोही लख्ख. मावशी फुलून गेली. मग भाचीनं दोन्ही एकदम चालू केल्या आणि आवाजाचा जीवच गेला. सर्दी झालेलं माणूस नाकातून गातं तसं काहीतरी यायला लागलं.

"दोघांचा मिळून एकापेक्षा कमी?" मावशी म्हणाली. "ही कुठली बेरीज?" घाबरायला हवं होतं, पण तिचे डोळेच विस्फारले होते.

आतून काका बोलले, "माझी उसवून टाक. जुनी आहे. दोन्ही तूच गुंडाळ, म्हणजे जुळतील."

"चालेल मावशी," भाची म्हणाली. "मला वाजल्याशी कारण."

मावशीनं गिटारीवर हात आडवा धरला. काकांनी गुंडाळलेले पंखे गल्लीतून कधीच मोडीत गेले होते. त्या हाताचं शाबूत उरलेलं काम तिला ठाऊक होतं ते एवढंच, या डबीतलं. उसवलं की गेलं, तो हात काही पुन्हा गुंडाळणार नव्हता. "कात्रीला हात लावायचा नाही," तिनं भाचीला बजावलं, आणि दोन्ही डब्या काढून टेबलावर ठेवल्या.

तिनं त्या समोरासमोर धरल्या. दोघी एकमेकींना ढकलत होत्या, म्हणजे चुंबक दोन्हींत सारखेच बसलेले. मग तिनं काट्याचा मीटर आपल्या डबीला जोडला आणि डबीवर पेचकस टेकवला. काटा टुणकन उजवीकडे उडाला. काकांची डबी अगदी तशीच जोडली, पेचकस टेकवला. काटा डावीकडे उडाला. तिनं पुन्हा करून पाहिलं, मग भाचीला करायला लावलं. नुसतं लोखंड टेकवलं की आतली तार जागी होत होती, आणि एक जिकडे जाई त्याच्या बरोब्बर उलट दुसरी. मावशीच्या अंगावर काटा आला.

ती यंत्राकडे गेली. त्याचं हँडल गुंडाळणाऱ्याच्या तोंडासमोर होतं. उजव्या हातात धरलं की ते आपसूक घड्याळासारखं फिरे. तिनं डावा हात लावला, डोळे मिटले आणि फिरवलं. हँडल उलटं फिरलं. काका जन्मभर असंच फिरवत आले होते. पंख्यात सगळ्या गुंडाळ्या एकाच हाताच्या, त्यामुळे कधी काही बिघडलं नव्हतं. या गिटारीत पहिल्यांदाच दोन हात शेजारी बसले होते, आणि एकीनं ढकललं की दुसरी ओढत होती.

"अहो," तिनं आत हाक मारली, "तुमचं चुकलं नाही, माझंही नाही. आपले हात उलटे आहेत."



उसवायचं कारणच उरलं नव्हतं. तिनं आपल्या डबीच्या तारेची दोन टोकं सोडवली आणि अदलाबदल करून पुन्हा कथलाचा डाग दिला, म्हणजे आता दोन्हींची वीज एकाच दिशेनं धावणार होती. काकांच्या डबीला बोटही लावलं नाही. भाचीनं डब्या बसवून तारा चढवल्या, दोन्ही डब्या चालू केल्या आणि छेडलं.

टेबलावरचे स्क्रू थरथरले. इतका रुंद, इतका भरलेला आवाज त्या दुकानानं कधी ऐकला नव्हता. भाची वाजवतच राहिली. मावशी पेचकस हातात धरून उभी होती आणि तिला रडू येत होतं, ते तिनं येऊ दिलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका भिंतीला धरून दारापर्यंत आले होते.

"यातली माझी कुठली?" त्यांनी विचारलं.

मावशीनं कान देऊन ऐकलं. "आता नाही सांगता येत," ती म्हणाली.

"एकेक करून वाजवू का काका?" भाचीनं विचारलं. "लगेच कळेल."

"नको," काका म्हणाले. "दोन्ही राहू देत."