बोटांची गाठ

फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी भिवंडीत नोकरीला लागले, तेव्हा आम्ही नवख्या मुली दर शनिवारी एका ज्येष्ठ फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जमायचो. बाई कमी बोलत. पेशंटला दुखण्याआधी काम विचारत, "ड्युटी कुठली? हाताने नेमकं काय करता?"

एकदा मी सांगितलं, की माझ्या एका पेशंटचं, यंत्रमागावरच्या कामगाराचं, मोडलेलं मनगट बरं झालंय, तरी शेठ त्याला कामावर घेत नाही. बाईंनी चहा तसाच ठेवला, त्या कामगारालाही बोलावून घेतलं आणि आम्हाला घेऊन थेट कारखाना गाठला. कामगाराला म्हणाल्या, "भाई, धागा जोडके दिखाओ."

मागावर सतत तुटणारे धागे जोडायची ती गाठ त्याच्या बोटांना मारता येईना. पाच आठवडे मी फक्त मनगटच बघत होते. माझी मान खाली गेली.

बाई शेठला म्हणाल्या, "महिनाभर थांबा. आमच्याकडून एक गोष्ट राहिली."

राहिली होती ती माझ्याकडून. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुला येते ती गाठ?"

"नाही."

"मग त्याच्याकडून शिकून घे."

मी शिकले. तीच गाठ रोज मारणं हा त्याचा व्यायाम झाला. महिन्याने शेठने त्याला कामावर घेतलं.