पट्टीवरचा ठोकळा

त्या सोमवारी कंपनीची बस वाडीच्या थांब्यावर थांबली, तेव्हा वामनच्या जागी त्याच्या खोलीतला सोबती उभा होता. तो बसमध्ये चढला नाही. माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "मॅडम, वामन गेला. काल, मेडिकलच्या दवाखान्यात." काविळीमुळे वामन रजेवर होता. दिवसभराच्या कामांची यादी मी बसमध्येच करते. त्या यादीत पहिलीच ओळ होती, 'वामन आज येणार'. बस हिंगण्याच्या ऑफिसला पोचेपर्यंत मी ती खोडू शकले नाही.

आमची कंपनी लहान. साड्यांच्या किनारी आणि पदर कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकटी भरून काढता यावेत, असा प्रोग्रॅम आम्ही करत होतो. वामन तो लिहायचा. मी तो चालवून पाहायची आणि चुका टिपायची. तो उमरेडच्या विणकर घरातला. माग सोडून कॉम्प्युटरकडे वळला, हे वडिलांना रुचलं नव्हतं. म्हणून नमुन्यासाठी त्याने वडिलांचीच किनार घेतली. ती कागदावर कुठेच नव्हती, वडिलांच्या डोक्यात होती. वामनने वडिलांनी विणलेली आईची जुनी साडी टेबलावर पसरली आणि धागे मोजत एकेक चौकट भरली. "बाबा म्हणते, पुरं झालं की बोलाव. अर्धं पाह्यत नाही मी," असं तो हसत सांगायचा... पण घाई त्यालाच होती.

किनार लांब, पडदा लहान. म्हणून बाजूला स्क्रोल बार हवा होता. एक उभी पट्टी आणि तिच्यात सरकणारा ठोकळा. आयता मिळत नव्हता, रेघ न् रेघ वामनलाच काढावी लागली. विंडो ओढून मोठी केली की पट्टी वाढायची आणि नक्षीचा जास्त भाग दिसू लागला की ठोकळाही लांबायचा. नक्षी फार लांब असली तर तो इतका बारीक व्हायचा की माउसने धरताच येईना. मग वामनने ठरवलं, अमुक एका मापापेक्षा ठोकळा लहान होऊ द्यायचा नाही. त्यामुळे सगळं गणित बिघडलं आणि त्याने ते पुन्हा मांडलं. सगळ्यात छळलं ते पुसण्याने. ठोकळा सरकला तरी जुन्या जागी त्याची पुसट खूण राहायची. "भूत राह्यलं, मॅडम," तो ओरडायचा. "मांत्रिक बोलवू का?" मी विचारायची. "तुमीच या न. तुमाले पाहून पळन ते." शेवटी त्याने ते भूत घालवलं.

किनार भरून झाली, माझ्या यादीत एकच चूक उरली. नक्षी संपल्यावरही ठोकळा आणखी खाली जायचा आणि रिकाम्या ओळी दिसायच्या.

"हे काहून काढून नाही राहिला?" मी त्याच्याच बोलीत विचारलं.

"चूक नाही ते. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, आम्ही कधी पुरा विणत नाही, मॅडम. हातभर सोडतो. नवा ताणा त्याच टोकायले जोडा लागते. माग रिकामा केला, तं सारं पहिल्यापासून भरा."

"आणि गिऱ्हाइकाला काय सांगू? वामनच्या घरचा रिवाज आहे म्हणून?"

"सांगा न. वरून चहा पाजा."

त्याने एक सोयही केली होती. प्रोग्रॅम बंद करताना ठोकळा जिथे असेल, तिथेच तो पुन्हा उघडायचा. तो गेल्यावर मी मशीन लावलं, तर ठोकळा मध्याच्या जरा खाली आणि पडद्यावर अर्धं फूल. जणू तो चहाला उठून गेला होता... मी सगळ्यांना सांगितलं, या मशीनला हात लावायचा नाही. कारणं बरीच दिली. त्या जागेची फ्लॉपीवर प्रतही काढली. पण प्रतीतली जागा मी ठेवलेली, त्याने नव्हे. रोज सकाळी मशीन लावायची, अर्धं फूल पाहायची आणि काहीही न हलवता बंद करायची. असली कामं मी करत नाही. पण करत होते.

मग त्याचे वडील आले. पांढरी टोपी, हातात पिशवी. खुर्चीत अंग चोरून बसले. "पुरं झालं म्हणे?"

"झालं, काका."

"मंग सुरवातीपासून दाखवा, बाई."

माझा हात माउसवर होता. हलेना.

"चालत नाही काय मशीन?"

"चालतं," मी म्हणाले आणि ठोकळा वर सरकवला. तो जिथे होता, तिथे मी पाहत राहिले. काहीच उरलं नव्हतं. वामनने पुसण्याचं काम चोख केलं होतं.

काकांनी माउस घट्ट धरला आणि ओळीमागून ओळ खाली नेली. ओठ हलत होते, मोजत असावेत. कुठे थांबले नाहीत. शेवटी नक्षी संपली, रिकाम्या चौकटी आल्या, ठोकळा तळाला टेकला.

"हे त्यानं सोडलं?"

"हो. मी काढ म्हणत होते."

"बरं केलं नाही काढलं ते." त्यांनी बोटाच्या मागच्या बाजूने काच चाचपली, कापड पाहावं तशी. "मंग आता जोडन कोण?"

ते गेल्यावर मी मशीन बंद केलं.

आता ते रोज तिथेच उघडतं. वर किनारीची शेवटची ओळ, खाली रिकाम्या चौकटी, आणि पट्टीच्या तळाशी ठोकळा.